आंबोलीची गोल फेरी : दोन समुद्रांचे पाणी

आधी एक कोडे सोडवू या. पावसाचे दोन थेंब एकाच ढगातून निघाले आणि जमिनीवर एकमेकांपासून अवघ्या दोन हातांच्या अंतरावर पडले. त्यांपैकी एक थोड्याच काळात अरबी समुद्राला जाऊन मिळाला. दुसरा मात्र कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र प्रदेश ओलांडून, हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करून बंगालच्या उपसागरात पोहोचला. हे दोन थेंब पडले तरी कोठे?

उत्तर आहे, सह्याद्रीच्या माथ्यावर. कौलारू घराचे आढे तुम्ही पाहिले असेल. आढ्याच्या अलीकडे पडलेले पाणी पुढच्या पागोळ्यांतून अंगणात येते आणि पलीकडे पडलेले पाणी परसात जाते. सह्याद्री हे आपल्या द्वीपकल्पाचे आढेच होय. या आढ्याच्या रेषेला भूगोलात 'जलविभाजक' म्हणतात. नकाशात ती एका बारीक रेघेने दाखवली जाते. पण ती पायाखाली घेऊन चालता येते, आणि त्यासाठी फार अवघड चढण चढावी लागत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सावंतवाडीहून सुमारे ३० किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आंबोली हे गाव आहे. तेथे एस.टी. थेट माथ्यावर नेऊन सोडते. शेजारी गेळे आणि चौकुळ ही गावे आहेत. आई-वडील, आजी-आजोबा आणि धाकटी भावंडे, सर्वांना झेपेल अशी जंगलातली फेरी येथे आखता येते.

फेरी गोलच का?

एका वाटेने जाऊन त्याच वाटेने परत येण्यापेक्षा गोल फेरी चांगली. त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण असे. कागदावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एक वेडीवाकडी रेघ काढा. हा आपला जलविभाजक. आता त्या कागदावर जेथून सुरुवात केली तेथेच संपणारी एक वाट काढा. वाटेने रेघ किती वेळा ओलांडली ते मोजा. दोनदा, चारदा किंवा सहादा, किंवा एकदाही नाही! ती तीनदा ओलांडली असे कधीच होणार नाही. कारण रेघ ओलांडली की आपण दुसऱ्या बाजूला जातो. मूळ बाजूला परत यायचे तर ती पुन्हा ओलांडावीच लागते. म्हणून गोल फेरीत जलविभाजक एका ठिकाणी ओलांडला, तर तो ओलांडण्याचे निदान आणखी एक ठिकाण असलेच पाहिजे. ते शोधून काढणे हा आपल्या फेरीतला खेळ.

दुसरे कारण मोजणीचे आहे. चालताना पावले मोजा आणि प्रत्येक वळणावर होकायंत्राने दिशा टिपून ठेवा. घरी आल्यावर चौकटीच्या कागदावर प्रमाण घेऊन ही वाट काढा. फेरी गोल असल्याने शेवटचा बिंदू पहिल्या बिंदूवर यायला हवा. तो सहसा येत नाही, थोडी फट राहते. ती फट म्हणजे आपल्या मोजणीतली चूक. समजा, फेरी ५ किलोमीटरची आहे आणि फट १०० मीटरची, तर चूक ५० भागांत १ भाग एवढी झाली. जमिनीची मोजणी करणारे लोकही आपले काम याच युक्तीने तपासतात. गोल वाट स्वतःचीच परीक्षा घेते. मात्र एक सूचना : येथील खडकांत लोह असते. होकायंत्र खडकावर टेकवू नका, नाहीतर सुई फसवील.

आंबोली, गेळे आणि चौकुळ ही तिन्ही गावे एका दिवसात मुलांबरोबर पायी फिरून होणार नाहीत. गावांमधील अंतर वाहनाने कापावे आणि प्रत्येक गावी चार-पाच किलोमीटरची छोटी फेरी करावी. वाट गावातल्या जाणत्या माणसाला विचारून ठरवावी. फेरीत पुढील पाच जागा असल्या म्हणजे झाले : कडा, सडा, राई, झरा आणि गाव. हा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. पाणीही याच क्रमाने चालते.

कडा : पाऊस येथे का पडतो?

गेळे गावाजवळ कावळेसाद नावाचा कडा आहे. तेथे कठड्याच्या आत उभे राहून पश्चिमेकडे पाहा. समोर खोल दरी आहे आणि तिच्यापलीकडे कोकणपट्टी उतरत गेलेली दिसते. वेंगुर्ल्याचा समुद्र येथून सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटरवर आहे.

पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारे वारे समुद्रावरून बाष्प घेऊन येतात. किनारा ओलांडून ते या भिंतीवर आदळतात. पुढे जायला जागा नाही म्हणून ते वर चढतात. वर हवेचा दाब कमी असल्यामुळे हवा प्रसरण पावते आणि प्रसरण पावली की थंड होते. थंड हवेत बाष्प पूर्वीइतके सामावत नाही. त्याचे थेंब बनतात, ढग दाटतात आणि पाऊस कोसळतो. अशा पावसाला 'प्रतिरोध पर्जन्य' म्हणतात. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आंबोलीत त्याची सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास जाते. भिंत ओलांडलेला वारा पूर्वेला उतरताना पुन्हा तापतो, ढग विरळ होतात. त्यामुळे गडहिंग्लजला पोहोचेपर्यंत पाऊस सुमारे एक हजार मिलिमीटरवर येतो.

सात हजार मिलिमीटर म्हणजे किती? एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमते. तुमच्या वर्गाचे छप्पर ८ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद आहे असे धरा. म्हणजे ४८ चौरस मीटर. त्यावर आंबोलीचा पाऊस पडला तर वर्षभरात ४८ × ७००० = ३,३६,००० लिटर पाणी जमेल. दहा हजार लिटरचे जवळजवळ ३४ टँकर, तेही एका वर्गाच्या छपरावर!

भर पावसाळ्यात कावळेसादला आणखी एक चमत्कार दिसतो. कड्यावरून खाली पडणारे पाणी उलटे वर उडते. यात जादू नाही. दरीतून आलेला जोराचा वारा उभ्या कड्यावर आदळून वर वळतो आणि पाण्याच्या पातळ धारेला तुषारांसह वर फेकतो. पाऊस पाडणारा वारा वर चढतो असे आपण आता म्हटले. ते येथे डोळ्यांनी दिसते.

सडा : ओसाड वाटणारी जमीन

कड्याकडून मागे वळले की अनेक ठिकाणी उघडा, सपाट, तांबूस-काळा कातळ लागतो. सिंधुदुर्गात त्याला 'सडा' म्हणतात. हा खडक जांभा. तुमच्यापैकी कित्येकांच्या घराचे चिरे याच खडकातून काढलेले आहेत. फ्रान्सिस बुकॅनन या वैद्याने १८०७ साली केरळातला असाच खडक पाहून त्याला 'लॅटराइट' हे नाव दिले. लॅटिन भाषेत 'लेटर' म्हणजे वीट. तेथील लोक तो विटांसारखा कापून घरे बांधत, हे त्याने पाहिले होते.

जांभा बनतो कसा? येथील मूळ खडक काळा बेसॉल्ट. उष्ण हवा आणि भरपूर पाऊस यांमुळे लक्षावधी वर्षे तो कुजत गेला. विरघळणारी द्रव्ये पाण्याबरोबर वाहून गेली. लोहाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली. लोखंडाला गंज चढल्यावर जो रंग येतो, तोच जांभ्याचा रंग. द्रव्ये निघून गेल्यामुळे खडकात भोके आणि नळ्या राहिल्या. म्हणून जांभा स्पंजाप्रमाणे पाणी आत मुरू देतो. पाणी खाली उतरते. वाटेत चिकट मातीचा किंवा अखंड खडकाचा थर लागला की त्याचे खाली जाणे थांबते. मग ते आडवे सरकते आणि डोंगराच्या उतारावर, जेथे तो थर उघडा पडतो तेथे झरा होऊन बाहेर येते.

उन्हाळ्यात सडा पाहिला तर तो मेलेला वाटतो. पावसाळ्याच्या अखेरीस मात्र त्यावर फुलांचे गालिचे पसरतात. त्यांत निळी-जांभळी 'सीतेची आसवे' असतात. ही इवलीशी वनस्पती कीटकभक्षी आहे! सड्यावरच्या पातळ मातीत नायट्रोजन फार कमी. ती उणीव भरून काढण्यासाठी या वनस्पतीला ओल्या मातीत सूक्ष्म पिशव्या फुटतात. पिशवीच्या तोंडाशी एखादा सूक्ष्म जीव आला की सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळात झडप उघडते, तो आत ओढला जातो आणि झडप पुन्हा मिटते.

सड्यावरच्या उथळ डबक्यांत एक लहानसा भेक अंडी घालतो. त्याच्या अंगावर वाघासारखे पट्टे असतात. त्याची शास्त्रीय ओळख २००९ साली पटली. नाव 'झँथोफ्राइन टायगरिना'; सर्वजण त्याला आंबोलीचा भेक म्हणतात. जगात तो फार थोड्या जागी आढळतो. डबके आटण्यापूर्वी त्याच्या पिलांना वाढून पाण्याबाहेर पडावे लागते. म्हणजे पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली तर त्यांचा जीव धोक्यात. कोणी डबक्यात पाय बुचकळले, त्यावरून गाडी नेली किंवा सडा 'पड जमीन' म्हणून खणून काढला, तरीही तेच.

राई : पाणी धरून ठेवणारे छप्पर

सड्याच्या कडेला, उतारावर दाट झाडी लागते. आंबोलीच्या जंगलात अंजनी, जांभूळ आणि पिसा ही झाडे विशेष आढळतात. कारवीची झुडपे सात-आठ वर्षांनी एकदाच, पण सारी एकदम फुलतात. झाडीचा काही भाग देवाच्या नावाने राखलेला असतो. त्याला राई किंवा देवराई म्हणतात. राईत कुऱ्हाड चालवायची नाही, वाळलेले काटूकही घरी न्यायचे नाही, असा अनेक गावांचा जुना दंडक आहे.

या दंडकाचा पाण्याशी काय संबंध? एक प्रयोग करून पाहा. दोन पसरट पाट्या सारख्याच मातीने भरा आणि सारख्याच उतारावर ठेवा. एका पाटीतल्या मातीवर पालापाचोळ्याचा जाड थर पसरा, दुसरी उघडी ठेवा. दोन्हींवर झारीने एक-एक लिटर पाणी शिंपडा. खाली वाहून आलेले पाणी बाटल्यांत गोळा करा. कोणत्या पाटीतून पाणी आधी आले? कोणते अधिक गढूळ आहे? किती वेळाने थांबले?

उघड्या मातीवर थेंब गोळीसारखा आपटतो, कण उडवतो आणि मातीची छिद्रे बुजवतो. मग पाणी मुरत नाही, वाहून जाते. राईत थेंब प्रथम पानांवर पडतो, तेथून खालच्या झुडपांवर आणि मग पाचोळ्यावर. त्याचा जोर मोडलेला असतो. मुळांनी आणि गांडुळांनी माती पोकळ केलेली असते. त्यामुळे पाणी सावकाश आत उतरते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडलेला पाऊस जमिनीत मुरून राहिला तरच तो एप्रिल-मे महिन्यांत विहिरीला मिळणार. सह्याद्रीत धो धो पाऊस पडूनही उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करणारी गावे आहेत, याचे एक मोठे कारण हेच. त्यांना पाऊस कमी पडला नव्हता. तो थांबला नव्हता.

झरा : एका माशाचे घर

आंबोलीपासून काही किलोमीटरवर हिरण्यकेशीचे मंदिर आहे. डोंगराच्या कुशीतल्या गुहेतून पाणी बाहेर येते आणि मंदिराजवळच्या कुंडात उतरते. हा हिरण्यकेशी नदीचा उगम. येथे आपल्या कोड्यातला दुसरा थेंब भेटतो. हिरण्यकेशी पूर्वेला आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर असा प्रवास करीत घटप्रभेला मिळते. घटप्रभा कृष्णेला मिळते. पुढे अलमट्टी, श्रीशैलम आणि नागार्जुनसागर या धरणांतून वाट काढीत कृष्णा बंगालच्या उपसागरात जाते. पश्चिमेच्या कड्यावरून उडी घेतलेले व्हाळ मात्र तेरेखोल नदीच्या खोऱ्यात उतरतात आणि गोव्याच्या सीमेवर, तेरेखोलच्या किल्ल्याजवळ अरबी समुद्राला मिळतात.

हिरण्यकेशीच्या या पाण्यात तळाच्या दगडगोट्यांजवळ राहणारा एक छोटा मासा आहे. त्याचा अभ्यास करून संशोधकांनी २०२० साली जाहीर केले की ही एक नवीच जाती आहे. तिला 'शिस्टुरा हिरण्यकेशी' असे नाव मिळाले. गावकरी त्याला देवाचा मासा म्हणत आणि मंदिराच्या पाण्यातला म्हणून धरत नसत. विज्ञानाने नाव देण्यापूर्वीच श्रद्धेने त्याला जपले होते. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने मंदिर परिसरातील २.११ हेक्टर जागा 'जैविक वारसा स्थळ' म्हणून घोषित केली.

२.११ हेक्टर म्हणजे सुमारे सव्वापाच एकर. एखाद्या मोठ्या शाळेच्या आवारापेक्षा फार अधिक नाही. पण ही जागा राखली म्हणून काम संपते का? कुंडात येणारे पाणी कुंडाच्या आवारात पडलेले नसते. ते वरच्या उतारावर, सड्यावर आणि रानात पडून, मुरून, जमिनीच्या पोटातून तेथे आलेले असते. वरचे रान तुटले किंवा सडा खणला गेला तर कुंपण शाबूत राहील, कुंडही राहील, पण पाणी कमी होईल. म्हणून माशाचे खरे घर कुंडाहून पुष्कळ मोठे आहे. आपल्या फेरीतल्या आधीच्या जागा त्याच घराच्या खोल्या आहेत.

येथे आल्यावर पाण्यात साबण लावू नका, निर्माल्य, बिस्किटे किंवा नाणी टाकू नका. मासा पकडून बाटलीत घालण्याचा मोह तर मुळीच नको.

गाव : शेवटचा टप्पा

झऱ्याखाली गाव असते. गावातून जाताना गडग्यांच्या मधल्या पाणंदीने चाला आणि पाण्याच्या खुणा शोधा. विहीर कोठे आहे, व्हाळाच्या वर की खाली? शेताला पाणी कोठून येते? एखाद्या आजीला किंवा आजोबांना नम्रपणे विचारा, "आजोबा, तुमच्या लहानपणी हा झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहायचा? आता कधी आटतो?" दोन-तीन घरी हाच प्रश्न विचारा आणि उत्तरे तारखेसह लिहून ठेवा. झऱ्याचा इतिहास बहुधा कोणत्याही पुस्तकात नसतो, तो अशा माणसांच्या आठवणीत असतो. ती माहिती नोंदवणे हे खरे वैज्ञानिक काम आहे.

फेरीला निघण्यापूर्वी

मुलांसह जायला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने सोयीचे. सड्यावरची फुले पाहायची असतील तर सप्टेंबरच्या सुमारास जा, मात्र तेव्हा धुके, निसरडे शेवाळ आणि जळवा यांची तयारी ठेवा. कड्याच्या कठड्यापलीकडे कोणीही, कोणत्याही कारणाने जाऊ नये. धुके दाटले तर असाल तेथे थांबावे. गवा दिसला तर दूरच थांबून त्याला वाट द्यावी. पावसाळी रात्री रस्त्यावर बेडूक येतात आणि वाहनांखाली चिरडले जातात; म्हणून मोठ्यांना गाडी हळू चालवायला सांगा. बरोबर वही, पेन्सिल, होकायंत्र, साधा तापमापक, दोरी, पाण्याची बाटली आणि कचरा परत आणण्यासाठी एक पिशवी घ्या.

करून पाहा

१. तुमचा मुक्काम जलविभाजकाच्या कोणत्या बाजूला आहे? जवळच्या व्हाळात एक वाळलेले पान सोडा, ते कोणत्या दिशेला जाते ते पाहा आणि नकाशावर तो व्हाळ शेवटी कोणत्या समुद्राला मिळतो ते शोधा.

२. फेरीत जलविभाजक जेथे जेथे ओलांडला, त्या जागा आपल्या नकाशावर खुणेने दाखवा. खुणांची संख्या विषम आली तर एखादी जागा नजरेतून सुटली आहे असे समजा!

३. दुपारी बारा वाजता उघड्या सड्यावर सावली धरून आणि नंतर राईच्या आत, जमिनीपासून एक मीटर उंचीवर तापमान मोजा. फरक किती आला? तो कशामुळे पडला असेल?

४. झऱ्याच्या धारेखाली एक लिटरचे भांडे धरा आणि ते भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. त्यावरून दिवसाला किती लिटर पाणी येते ते काढा. उदाहरणार्थ, भांडे २० सेकंदांत भरले तर दिवसाला ४,३२० लिटर. कुंडाजवळ हे करताना पाणी ढवळू नका.

५. तुम्ही आंबोलीपासून दूर राहत असाल तरी हरकत नाही. आपल्या गावात पडलेला थेंब कोणत्या ओढ्यातून, कोणत्या नदीतून, कोणत्या समुद्राला जातो, ते नकाशावर बोट ठेवून शोधा. वाटेतल्या सगळ्या गावांची नावे लिहा. त्या गावांतले लोक तुमच्याकडून आलेले पाणी पितात, हे लक्षात ठेवा.

चौथ्या प्रयोगातला आकडा वहीत तारखेसह नीट जपून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच झऱ्याखाली, तेच भांडे धरा. दोन आकडे शेजारी मांडले की वरच्या रानाची खबर तुम्हांला कळू लागेल.